मुकादमाची साक्ष

अम्मियाच्या डोक्यावरचा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला असायचा. उन्हाळा असो, मागावर बसलेली असो, रुमाल हलायचा नाही. त्याखाली कपाळावर सुईने गोंदलेला एकच शब्द होता: पळपुटी. मंडळीतल्या बायकांना तो माहीत होता आणि त्यावर पहिला विनोद करण्याचा मान अम्मियाने स्वतःकडेच ठेवला होता. "इतरांच्या कपाळावर काय लिहिलंय ते देवालाच दिसतं," ती म्हणायची. "माझं नाक्यावरच्या शिपायालासुद्धा वाचता येतं."

ती आता कुणाची गुलाम नव्हती. मालकीणबाई मरताना मृत्युपत्रात ज्यांना मोकळं करून गेल्या, त्यांत तिचंही नाव होतं. हायरापोलिस शहरातल्या रंगाऱ्यांच्या आळीत तिने माग टाकला. सहा वर्षांपूर्वी ती ख्रिस्ताच्या मंडळीत आली. ग्लीकोन रंगारी हे मंडळीतले वडीलधारे. रविवारी उजाडता उजाडता, कामावर जायच्या आधी, सगळे त्यांच्या अंगणात जमत. मंजिष्ठेच्या मुळ्यांनी लाल झालेल्या रांजणांच्या मधे जागा करून बसत, प्रार्थना करत, भाकरी मोडत.

त्या रविवारी पाच जण बाप्तिस्मा मागायला आले होते. मंडळीचा रिवाज असा, की येणाऱ्याचं मागचं आयुष्य ज्याला ठाऊक आहे अशा कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायची. चौघांचं झालं. पाचवा उठला. पंचावन्नच्या पुढचा, एका पायाने लंगडणारा, कापड धुण्याच्या कारखान्यात चाकरीला असलेला. तो मान एका खांद्याकडे कलती करून उभा राहिला आणि अम्मियाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"याचं नाव त्रोफिमस," ग्लीकोन म्हणाले. "याला पूर्वीपासून ओळखणारं कुणी आहे?"

अम्मियाने भाकरी खाली ठेवली.

"मी ओळखते," अम्मिया उभी राहिली. "आमच्या मालकीणबाईंच्या विणकामघरात हा मुकादम होता. होता आमच्यासारखाच गुलाम, पण काठी याच्या हातात होती."

तिचा आवाज चढला नाही. तिने सगळं ओळीने सांगितलं. तिचा धाकटा भाऊ मानेस तेव्हा सोळा वर्षांचा होता. कोठीतल्या महागड्या जांभळ्या सुताच्या दोन गुंड्या नाहीशा झाल्या. मुकादमाने मानेसचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मानेसला विकून टाकलं. बैलगाडीला बांधून नेलं त्याला. अम्मिया त्या गाडीमागे अनवाणी पळत सुटली ती थेट नदीच्या पुलापर्यंत. तिथे तिला पकडून आणलं आणि पळून जाणाऱ्या गुलामाला जी शिक्षा, ती झाली. सुई आणि काजळी घेऊन मुकादम स्वतः बसला.

"हलू नकोस, अक्षर वाकडं येईल, असं म्हणाला होता," अम्मिया म्हणाली. "अक्षर सरळ आलंय. कुणाला बघायचं असेल तर बघा."

सगळे त्रोफिमसकडे पाहू लागले. त्याची मान खाली गेली होती.

"खरं आहे सगळं," तो म्हणाला. "आणि बाईंनी सांगितलं नाही ते मी सांगतो. गुंड्या मी विकल्या होत्या. पोराने हातसुद्धा लावला नव्हता."

अम्मियाला हे अठरा वर्षं ठाऊकच होतं. पण त्याच्या तोंडून ती ते पहिल्यांदाच ऐकत होती.

ग्लीकोन तिच्याजवळ आले. "अम्मिया, आपण प्रभूच्या प्रार्थनेत माफीचं रोज काय म्हणतो..."

"ठाऊक आहे, दादा. माझ्या माफीचं माझं मी बघेन. पण चोराने माल घरात दडवून ठेवला आणि वर माफी मागायला आला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? माझ्या भावाला कुठे विकलं ते या माणसाला ठाऊक आहे. गाडी यानेच लावून दिली होती. तेव्हा विचारलं की काठी बसायची, आणि आम्ही मोकळे झाल्यावर हा कुठे दिसलाच नाही. मी अठरा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतेय." ती त्रोफिमसकडे वळली. "बोल. कुठे आहे मानेस?"

"दोकिमियनला. संगमरवराच्या खाणीत."

"जिवंत आहे?"

"ते नाही माहीत."

"मग चल."

"कुठे, बाई?"

"दोकिमियनला. त्याच्यासमोर उभा राहा आणि आत्ता बोललास ते बोल. मग मी तुझी साक्ष देईन. चांगली का वाईट, ते परत आल्यावर. उद्या पहाटे, उत्तर वेशीपाशी."

घरी येऊन तिने माग झाकला, अंजिरं आणि जवाच्या भाकऱ्या बांधल्या, सुटकेचा लेख मेणकापडात गुंडाळून कमरेला खोवला. तो येणार नाही अशी तिची खात्रीच होती. आला नाही तर एकटीने जायचं, हेही ठरलेलं होतं. निदान गावाचं नाव तरी कळलं होतं.

पहाटे वेशीच्या पायरीवर तो बसलेला होता.

"आलास?"

"रात्रीच येऊन बसलो, बाई. घरी झोपलो असतो तर सकाळी उठून विचार बदलला असता."

वाट सात दिवसांची. पहिले तीन दिवस अम्मिया पुढे आणि तो मागे. ती मुद्दाम भरभर चाले. चढावर त्याचा दुखरा पाय फरफटत असल्याचा आवाज येई, तरी ती थांबत नसे. तिला वाटायचं, आता हा म्हणेल की झेपत नाही. तो म्हणाला नाही. खायला बसले की ती त्याच्यापुढे भाकरी ठेवून पाठ करून बसे.

"बाई, पाणी आणू?"

"पूर्वी 'ए पोरी' म्हणायचास. आता बाई?"

"पूर्वी पाणी मला आणून द्यायचीस... द्यायच्या तुम्ही," तो म्हणाला आणि मशक घेऊन ओढ्याकडे गेला. अम्मियाला हसू येता येता राहिलं. त्याचाच तिला जास्त राग आला.

चौथ्या दिवशी डोंगरातल्या खिंडीजवळ शिपायांचा नाका लागला. नाक्याशेजारी विहीर, विहिरीवर गाडीवानांची गर्दी. अम्मिया पाणी शेंदायला वाकली आणि वाऱ्याने रुमाल मागे सरकला. शिपायाने वाचलं आणि तिचं मनगट धरलं.

"कुणाची गं तू?"

"कुणाची नाही. मला मोकळं केलंय. हा लेख बघा."

"असले लेख बाजारात भाजीच्या भावाने मिळतात." शिपायाने त्रोफिमसकडे पाहिलं. "काय हो म्हातारबा, तुमची आहे का ही? हो म्हणा आणि घेऊन जा. नाहीतर मी आत टाकतो."

एक शब्द बोलला असता तर दोघं वाटेला लागली असती. अम्मियाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हो म्हणणार, हे तिला दिसत होतं. त्याचे ओठ तसे हललेही.

"नाही," त्रोफिमस म्हणाला. "ती माझी नाही. ती स्वतंत्र बाई आहे. ते अक्षर मी गोंदलंय. चोरी मी केली, नाव हिच्या भावाचं घेतलं. ती भावाच्या मागे धावली म्हणून हे कपाळ असं झालं. दोष तिचा नाही. माझा आहे."

 एक गाडीवान मोठ्याने हसला. "स्वतःच्या तोंडाने चोर म्हणवून घेणारा पहिलाच बघितला." शिपायाला वाटलं, म्हातारा आपली टिंगल करतोय. त्याने हातातली छडी त्याच्या तोंडावर मारली, आणि तो पडल्यावर आणखी दोनदा. दोघांना नाक्याच्या भिंतीशी बसवून ठेवलं. दुपार कलल्यावर वरचा अधिकारी आला, त्याने लेखावरची मोहोर निरखून पाहिली आणि कंटाळून सोडून दिलं.

त्रोफिमसचा ओठ फाटला होता. अम्मियाने रुमालाचं टोक फाडलं, भिजवलं आणि त्याच्यासमोर धरलं. पुसायचं त्याचं त्याने.

"हो म्हणाला असतास तर मार वाचला असता."

"वाचला असता. पण तुम्ही परत माझ्या हाताखालच्या झाला असता, बाई. घटकाभर का होईना." त्याने फडकं ओठाला लावलं. "माझ्या मनात आलं होतं म्हणायचं."

"बघितलं मी ते."

त्या संध्याकाळपासून ती हळू चालू लागली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. त्याचा पाय सुजलाय, उगाच वाटेत मेला तर मानेससमोर कोण बोलणार, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

दोकिमियनचा डोंगर अर्धा कापलेला होता. माणसं, बैल, झाडं, सगळं पांढऱ्या भुकटीने माखलेलं. ठेकेदाराच्या माणसाला मानेसचं नाव सांगितलं तर त्याने अंगठ्याने एका छपराकडे दाखवलं. "खोकणारा मानेस ना? छिन्न्यांना धार लावतो तिथे."

छपराखाली एक वाकलेला माणूस सहाणेवर छिन्नी घासत होता. केस पांढरे होते, पण ते भुकटीने का वयाने, ते कळत नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. अम्मिया उंबऱ्याशीच थबकली. तिला सोळा वर्षांचा पोरगा शोधायचा होता.

"मन्या," तिने हाक मारली.

छिन्नी थांबली. तो वर बघेना. "ही हाक कुणी मारली?"

"मी रे. अक्का."

तो उठला, तिच्या जवळ आला, आणि तिचा रुमाल मागे सारून कपाळाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. "हे काय आहे?"

"तुझ्या गाडीमागे पळाले होते, त्याची पावती."

तो हसायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. पाठीचं एकेक हाड हाताला लागत होतं. उबळ थांबल्यावर मानेसची नजर बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडे गेली. ती कलती मान त्यानेही ओळखली.

"याला का आणलंस?"

"त्याला बोलायचंय. ऐकून घे. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव."

त्रोफिमस आत आला. भुकटीत गुडघे टेकून त्याने सांगितलं. सबबी सांगितल्या नाहीत. सूत विकून काय केलं, कुणाला भ्यायला, कुणाचं नाव सहज सुचलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी तुझी माफी मागायला आलोय."

मानेसने छिन्नीच्या धारेवर अंगठा फिरवला.

"किती दिवस चाललास?"

"सात."

"मी इथे अठरा वर्षं आहे. सात दिवस चालून आलास आणि माफी हवी? इथे अठरा वर्षं काढ. मग ये आणि माग."

त्रोफिमस "बरं," म्हणाला आणि उठून ठेकेदाराच्या कचेरीकडे चालू लागला.

अम्मियाला आधी कळलंच नाही तो कुठे चाललाय. कळलं तेव्हा ती मागोमाग गेली. ठेकेदार जेवत होता. त्रोफिमस त्याच्यापुढे उभा राहून म्हणत होता, "तुमचा धारवाला खोकून मरायला टेकलाय. वर्षभरही टिकणार नाही. त्याला सोडा आणि त्याच्या जागी मला घ्या."

"तुला?" ठेकेदाराने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तू दगड उचलणार का दगड तुला?"

"दगड नाही उचलायचो. विणकामघरातल्या साठ माणसांचा भटारखानाही मीच वीस वर्षं चालवलाय. येताना तुमचा बघितला. मसुरीत खडे आहेत, पीठ किडलंय, आणि तुमचा स्वयंपाकी अर्धं धान्य बाहेर विकतो. चोरी कशी करतात ते मला ठाऊक आहे, साहेब. मी स्वतः केलीय. म्हणून ती थांबवताही येते. माणसं धड जेवली तर काम दुप्पट करतील. हा माझा सुटकेचा लेख. ठेवून घ्या."

ठेकेदाराने घास चावत चावत विचार केला. माणूस वेडा होता, पण बोलत होता ते खोटं नव्हतं. गेल्या थंडीत जुलाबाने त्याचे नऊ जण गेले होते.

"लिहून देशील? राजीखुशीने?"

"देईन."

लिहिणं झालं. मानेसचा ताबा कागदोपत्री अम्मियाच्या नावाने झाला, कारण कुणाच्या तरी नावाने करावाच लागतो. ती तो लेख घेऊन छपरात आली तेव्हा मानेस भडकला.

"त्याच्या हातचं स्वातंत्र्य मला नको. त्या माणसाची भीक घेऊन जगू मी?"

"भीक कसली? तुझीच वस्तू आहे. त्याने चोरली होती, आता परत करतोय. चोरीचा माल परत मिळाला तर कुणी चोराचे उपकार मानतं का?"

"आणि माफी?"

"ती तुझ्याकडे आहे. कुणी हिसकावून घेत नाही. मीसुद्धा नाही. खोकला सांभाळ आणि ऊठ. सात दिवसांची वाट आहे."

तो हटून बसला. अम्मियाने लेख त्याच्या नाकासमोर धरला. "आता मी तुझी मालकीण आहे, मन्या. घरी पोचून तुला मोकळं करेपर्यंत तरी. हुकूम आहे, ऊठ."

"लहानपणीपण तूच होतीस," तो पुटपुटला आणि उठला.

निघताना त्रोफिमस भटारखान्याच्या दारात होता. अंगरख्याच्या बाह्या वर करून मसुरी निवडत बसला होता. मानेस त्याच्याकडे न बघता पुढे गेला. अम्मिया थांबली. एवढ्या वाटेत तिने या क्षणासाठी पुष्कळ शब्द जमवले होते. त्यातले बहुतेक शिव्यांसारखे होते.

"भावाचं काय ते भाऊ बघेल," ती म्हणाली. "कपाळाचं माझं आहे. ते मी सोडलं. आज सोडलंय. उद्या मागावर बसल्यावर परत आठवेल, तेव्हा परत सोडेन. आणि तुमची साक्ष मी देईन."

त्रोफिमसने वर पाहिलं. तिने त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं.  त्याने मसुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

पाय रेटत, बसत उठत, ती दोघं बारा दिवसांनी घरी पोचली. त्या रविवारी अम्मियाने अंगणात उभं राहून खिंडीतलं आणि खाणीतलं जसंच्या तसं सांगितलं. "मी या माणसाची साक्ष देते," ती म्हणाली. कुणीतरी मागून विचारलं, तिच्या भावाचं काय म्हणणं आहे. मानेस मंडळीतला नव्हता. बहिणीने आणलं म्हणून तो रांजणाला टेकून बसला होता.

"मी त्याला माफ केलेलं नाही," मानेस म्हणाला. "पण विचारताय म्हणून सांगतो. तो मुकादम बोलला तसं वागला. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या त्या साक्षीत चालत असेल तर धरा."

ग्लीकोनदादा पुढच्या महिन्यात स्वतः दोकिमियनला गेले. दगड धुवायच्या टाक्यात त्यांनी त्रोफिमसला बाप्तिस्मा दिला. टाक्याभोवती खाणीतली सात-आठ माणसं उभी होती. दादा परत निघताना त्यातल्या तिघांनी विचारलं, पुन्हा कधी येणार.

मानेस सुधारला असं म्हणता यायचं नाही, पण मेलाही नाही. गावातल्या ऊन ऊन वाफेच्या झऱ्यांपाशी बसून त्याला श्वास बरा यायचा. अम्मियाने त्याला वडीलधाऱ्यांसमोर मोकळं केलं. त्या दिवशी तो दिवसभर गावातून नुसता हिंडत होता. भाकरी खाताना मात्र अजून तो ताटाभोवती हात धरून बसायचा. कधी कधी मधेच उठून भिंतीवर मूठ मारायचा आणि त्रोफिमसला शिव्या द्यायचा. अम्मिया ऐकून घ्यायची. त्याला गप्प कर असं मंडळीतल्या एका बाईने सुचवलं, तेव्हा अम्मिया म्हणाली, "अठरा वर्षं गप्पच होता तो. आता बोलू दे."

दुसऱ्या वर्षी थंडी लवकर पडली. दोकिमियनकडे जाणारे गाडीवान आळीत उतरले होते. अम्मिया त्यांच्याबरोबर मंडळीचं पत्र आणि थोडी अंजिरं पाठवणार होती. ती गाठोडं बांधत असताना मानेस मागाजवळ येऊन उभा राहिला.

"ती राखाडी घोंगडी आहे ना, दुहेरी विणलेली?"

"तुझी? आहे. का?"

"तिथे थंडीत रात्री दगड तडकतात. भटारखान्याला एका बाजूला भिंतच नाही." तो खोकला. "टाक गाठोड्यात."

अम्मियाने घोंगडी घडी करून आत ठेवली. त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी दिली म्हणून कळवू नकोस," तो म्हणाला.

"खोटं मी लिहिणार नाही, मन्या."

"खोटं कोण लिही म्हणतंय?" तो दारापर्यंत गेला आणि तिथून बोलला. "त्याने विचारलं तर गाडीवानाला सांगू दे. नाही विचारलं तर गप्प बसू दे."